वस्तीची गाडी

तुळसाक्का, तुमची मान मी आधी बोटांनी वाचली.
खुर्चीमागे उभी राहून म्हटलं, आवंढा गिळा,
आणि गाठ बोटांखालून वर गेली, खाली आली,
सुळग्याच्या चढावर गाडी धापा टाकते तशी.

तुम्ही म्हणालात,
"ह्या गळ्यावर पोट हाय माझं, बाई.
मुंद होग्री, पुढं सरका,
दिवसभर बेळगाव, रात्री चंदगडला वस्ती.
आवाज गेला तर काय, हातवारे करून तिकिटं फाडू?"
आणि जाता जाता, दाराशी,
"भाकरीचा घास बी अडतोय. छातीच्या मागं."
मी लिहून घेतलं.
गाठीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले.

पुस्तकात ह्या ग्रंथीला फुलपाखरू म्हणतात.
मला ते आजवर दिसलेलं नाही.
मला दिसतं ओलं तांबडं खोगीर
श्वासनळीवर घट्ट आवळलेलं.
आणि श्वासनळी म्हणजे मागून उघड्या पाटल्यांची चळत;
उघड्या, कारण मागे अन्ननलिका असते,
घास उतरताना तिला अंग पसरायला जागा लागते.

मधल्या पांढऱ्या रेघेवरून स्नायू दोन्हीकडे सारले.
थेंबभर रक्त नाही.
इतकी निवांत सीमारेषा
आमच्या भागात फक्त इथंच, मानेत.

वरच्या टोकाची रक्तवाहिनी ग्रंथीला अगदी चिकटून बांधली.
तिच्या शेजारून एक तंतू जातो, वरच्या पट्टीचा.
तो तुटला तर माणूस बोलतो,
पण भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत हाक पोचत नाही.
मागच्या अंगाला कुंद्याच्या रंगाच्या दोन गोळ्या, मसुराएवढ्या.
त्यांचं रक्त न तोडता त्यांना होत्या तिथंच ठेवलं.

मग नस.
आवाजाची नस मोठी विचित्र.
डोक्यातून निघते, गळ्यावरून जाते, पण तिथं उतरत नाही.
आपलाच थांबा मागे टाकून खाली जाते,
धमनीला वळसा घालते,
आणि दोन नळ्यांमधल्या खोबणीतून परत वर येते.
वस्तीची गाडी.
डावीकडची मिळाली. पांढरी,
अंगावर केसाएवढी लाल रेघ.

उजवीकडे खोबण रिकामी.

वीस मिनिटं.
फिलोमिना सिस्टर घड्याळाकडे नाही,
माझ्या हाताकडे बघत होत्या.
एक आडवी दोरी तेवढी मध्ये येत होती,
शीर असेल म्हणून मी चिमटा उघडला,
आणि तुम्ही दाराशी पुन्हा उभ्या राहिलात.
छातीच्या मागं, बाई.

हजारात पाच-सहा माणसांत
उजव्या हाताची धमनी भलत्या वाटेनं,
अन्ननलिकेच्या मागून जाते.
घास तिथं अडतो.
आणि नसेला वळसा घालायला काही उरत नाही,
म्हणून ती खाली जातच नाही.
फाट्यावरूनच आत शिरते. आडवी.

चिमटा मी ट्रेमध्ये ठेवला.
कुणाला काही बोलले नाही.
मास्कच्या आत ओठ कोरडे पडले होते.

संध्याकाळी तुमच्या उशाशी टाके उघडायची कात्री ठेवली;
मान फुगलीच तर दहा पावलंही दूर नको.
म्हटलं, बोला काहीतरी.
तुम्ही छताकडे बघत राहिलात.
पाणी मागाल, देवाचं नाव घ्याल,
मी श्वास मोजत होते, माझेच.

"शिनोळी कोण हाय? शिनोळी!"

थोडा घोगरा, नळी घातल्याचा.
पण अख्ख्या वॉर्डभर.
पलीकडच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली
आणि पायाशी पिशवी चाचपू लागली.
मी तिला सांगितलं, आजी, निजा.
तुमचा थांबा अजून आला नाही.